वैद्यनाथाच्या वाटेवर

सिरसाळ्याहून लातुरास जावयाचें म्हणजे आमच्या लहानपणीं ती एक मोहीमच असे. आतां न्याहारी करून एस्. टी.त बसावें, परळीस गाडी बदलावी, घाट चढून अंबाजोगाई गांठावी आणि दुपारच्या जेवणास लातुरांत असावें, इतकी ती वाट सोपी झाली आहे. सन २०२५ च्या आषाढांत आम्ही ती पुन्हां एकवार चाललों. यात्रेस नव्हे कीं लग्नकार्यास नव्हे. घरच्या एका मुलाचें पुढें काय करावें हें ठरविण्यास गेलों. तेव्हां प्रवासवर्णन म्हणून ज्यांनीं हा लेख हातीं घेतला असेल त्या वाचकांनीं वाटेंत थोडें घरगुती ऐकून घेण्याची तयारी ठेवावी.

आमचें गांव सिरसाळा हें बीड जिल्ह्यांत, परळी तालुक्यांत. बीडहून वडवणी, तेलगांव करीत परळीस जाणारा रस्ता गांवास लागूनच जातो. जमीन काळी; पीक कापसाचें, सोयाबीनचें, आणि पाणी पोंचलें तेथें उसाचें. दसरा-दिवाळी झाली कीं पंचक्रोशींतलीं कितीएक कुटुंबें घराला कुलूप लावून ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात, तीं उन्हाळा लागतां लागतां परततात. त्यांचीं मुलें मध्यंतरीं कोठें शिकतात आणि काय शिकतात, हा प्रश्न आम्हीं सारी नोकरीभर हजेरीपटाकडे पाहून स्वतःस विचारला आहे. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. त्यापुढें कॉलेजचें तोंड पाहिलें नाहीं. वडिलांनीं घरीं संस्कृत पक्कें करून घेतलें, त्या बळावर मास्तरकी केली, आणि रूपावली व अमरकोश यांवर कित्येक पिढ्यांच्या माना डोलविल्या. पाठांतर हीच विद्येची किल्ली, असा आमचा दृढ समज होता. तो किती खरा व किती खोटा हें ह्या प्रवासांत थोडेंबहुत कळलें, म्हणूनच लिहावयास बसलों आहों.

आमचें घर एकत्र आहे. थोरले बंधू, ज्यांस सारें घर दादा म्हणतें, शेती पाहतात. त्यांचा नातू तो आमचाही नातूच; दादांस तो आजोबा म्हणतो व आम्हांस आबा म्हणतो. दहावीस त्यास शेंकडा ९४ गुण पडले, संस्कृतांत तर १०० पैकीं ९८, आणि त्या रात्रीं जेवणाच्या पंक्तीला तो डॉक्टर होऊन चुकला. अकरावीच्या शास्त्रशाखेचा अर्ज भरावयाचा होता. महाराष्ट्रांत अशी सोय आहे, कीं ज्यास वैद्यक करावयाचें त्यानें पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र घ्यावें आणि गणित खुशाल सोडून द्यावें. अर्ज भरतांना मुलगा थोडा घुटमळला. गणित त्यास अगदींच नावडतें नव्हतें. आम्हीं मात्र हातांत लेखणी घेऊन म्हटलें, "अरे, ज्याला हृदय उघडावयाचें त्याला बीजगणित कशाला? तेवढा वेळ जीवशास्त्राच्या पाठांतरास दे." आणि आम्हीं आमच्या हातानें गणितावर काट मारली. घरांत सर्वांनीं आमच्या दूरदृष्टीचें कौतुक केलें.

दोन वर्षें तो लातुरास राहिला. सन २०२५ च्या मे महिन्याच्या ४ तारखेस वैद्यकीय प्रवेशाची देशव्यापी परीक्षा झाली. तिला 'नीट' म्हणतात. हें नांव कोणा मराठी माणसानें ठेवलें नसावें, नाहीं तर इतकें वांकडें प्रकरण ह्या नांवानें ओळखलें गेलें नसतें. १८० प्रश्न, १८० मिनिटें, ७२० गुण. बरोबर उत्तरास ४ मिळावयाचे, चुकल्यास पदरचा १ जावयाचा. पदार्थविज्ञानाचे ४५, रसायनाचे ४५ व जीवशास्त्राचे ९० प्रश्न. देशांतून २२ लाखांवर मुलें बसलीं. त्या वर्षींचा पदार्थविज्ञानाचा भाग एवढा कठीण निघाला, कीं पहिल्या आलेल्या मुलासही ६८६ गुणच मिळाले. आदल्या वर्षीं पैकीच्या पैकी मिळविणारे अनेक होते. पात्रतेची रेषाही खुल्या वर्गासाठीं १६२ वरून १४४ वर उतरली.

आमच्या नातवास ३७१ गुण पडले. उत्तरपत्रिका ताडून पाहिली तेव्हां जीवशास्त्रांत ३६० पैकीं २६८, रसायनांत १८० पैकीं ९२, आणि पदार्थविज्ञानांत १८० पैकीं ११ असा हिशेब लागला. तो 'पात्र' ठरला, पण त्याला जागा मिळण्याजोगी नव्हती. संस्कृतांत पात्र म्हणजे भांडें. भांडें सिद्ध आहे, वाढावयास कांहीं नाहीं, असा तो प्रकार झाला.

निकालानंतर मुलगा घरीं आला नाहीं. दूरध्वनीवर "बरा आहें" एवढेंच म्हणे. दादांचें मत, आणखी एक वर्ष बसवावा, "कापसाचे आले तर कापसाचे, नाहीं तर ओढ्याकडचा तुकडा आहेच." पुतण्या कांहींच बोलेना. कोणी म्हणालें बी. एस्सी.ला घाला, कोणी म्हणालें औषधनिर्माणशास्त्राला. अखेर "तुम्ही मास्तर, तुम्हीच जाऊन पाहून या" असा ठराव झाला. सूनबाईंनीं भाकरी, शेंगदाण्याची चटणी व धपाटे बांधून दिले, आणि परळीस उतरून बेल वाहण्यास सांगितलें.

परळी जवळ आली कीं औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या आधीं दिसतात, देऊळ मागाहून. बारा ज्योतिर्लिंगांत गणला जाणारा हा वैद्यनाथ. समुद्रमंथनांतून निघालेलें अमृत व त्यासह आलेला धन्वंतरि यांस दानवांपासून राखण्यासाठीं विष्णूनें ह्या लिंगांत दडविलें, म्हणून ह्यास वैद्यांचा नाथ म्हणतात, अशी येथली कथा आहे. अठराव्या शतकांत अहल्याबाई होळकरांनीं देवळाचा जीर्णोद्धार केला. लांबरुंद दगडी पायऱ्या चढून वर गेलों. येथें लिंगास हात लावून दर्शन घेतां येतें. उन्हाळ्याच्या सुट्टींत व निकालाच्या दिवसांत ह्या पायऱ्यांवर शाळकरी वयाचीं मुलें व त्यांच्या आया बऱ्याच दिसतात. त्या दिवशींही दिसल्या. एक बाई मुलीचें प्रवेशपत्र पिंडीला लावून घेत होत्या. आम्हीं बेल वाहिला, आणि काय मागावें हें न सुचल्यामुळें कांहींच न मागतां खालीं उतरलों.

परळी सोडली कीं बालाघाटाचा चढ लागतो आणि वर अंबाजोगाई. योगेश्वरीचें हें गांव. मुकुंदराजांची समाधि येथें, दासोपंतांची येथेंच. मराठी भाषेच्या बाळपणाशीं इतकें जवळचें नातें असलेलीं गांवें थोडींच. निजामी अमलांत मात्र ह्याचें नांव मोमिनाबाद होतें, आणि आमच्या वडिलांच्या तोंडीं अखेरपर्यंत तेंच राहिलें. त्यांचें थोडें शिक्षण येथें झालें. तें उर्दूंतून. हैदराबाद संस्थानांत वरच्या वर्गांचें शिक्षण उर्दूंत होई. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत तर वैद्यकसुद्धां उर्दूंतून शिकवीत. पदार्थविज्ञान म्हणजे तबीयात, रसायन म्हणजे कीमिया, जीवशास्त्र म्हणजे हयातियात. वडिलांस हैदराबादेस जाऊन डॉक्टर व्हावें अशी इच्छा होती, हें त्यांनीं आम्हांस म्हातारपणीं एकदांच सांगितलें. घरची स्थिति नव्हती. पुढें १९४८ च्या सप्टेंबरांत संस्थानच भारतांत आलें, शिक्षणाची भाषाही पालटली, आणि त्यांची तबीयात जेथल्या तेथें राहिली.

त्याच गांवांत आज स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवानें सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. ग्रामीण भागांत निघालेलें असें आशियांतलें हें पहिलें, असें त्याचें वर्णन करितात. ज्या स्वामींनीं ह्या गांवीं शाळेचे मुख्याध्यापक म्हणून काम केलें, त्यांचेंच नांव त्यास दिलें हें फार योग्य झालें. आमच्या भागांत "अंबाजोगाईस नेलें" एवढें म्हटलें कीं दुखणें साधें नव्हे हें ऐकणारास समजतें. स्थानकावर गाडी थांबली तेव्हां पांढरे अंगरखे हातावर टाकलेलीं दोन मुलें व एक मुलगी उसाचा रस पीत उभीं होतीं. आमच्या शेजारीं बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनीं त्यांच्याकडे बोट करून आम्हांस विचारलें, "हे डागदर व्हय?" आम्हीं "होणार आहेत" म्हटलें. त्यांनीं खिडकींतूनच त्यांस हात जोडले. ही भावना ज्यांच्याविषयीं आहे तें होण्याची ओढ मुलांस कां असते, हें आम्हांस वेगळें सांगावयास नको होतें.

रेणापुरावरून लातूर. लातूरची कीर्ति एका दिवसाची नव्हे. १९६१ सालचें दयानंद महाविद्यालय, १९७० सालचें राजर्षि शाहू महाविद्यालय, ह्यांसारख्या संस्थांतल्या शिक्षकांनीं मुलांवर मेहनत घेतली. अभ्यासक्रम लवकर संपवावा आणि मग परीक्षांमागून परीक्षा घेऊन घोटून घ्यावा, हा क्रम धरला. १९९० च्या आगेमागे बारावीच्या गुणवत्ता-यादींत लातूरचीं मुलें पुण्यामुंबईच्या मुलांस मागें टाकूं लागलीं, आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्द वर्तमानपत्रांत रुळला. मराठवाड्याच्या मुलांस त्याचें महत्त्व विशेष होतें. पूर्वीं राज्यांत शेंकडा ७० जागा त्या त्या विभागाच्या मुलांस व ३० बाहेरच्यांस असा नियम असे. मराठवाड्यांत महाविद्यालयें थोडीं, त्यामुळें येथला मुलगा जास्त गुण मिळवूनही मागें राही. तो नियम २०२० च्या सप्टेंबरांत रद्द झाला. परंतु तोंवर परीक्षाच बदलली होती. 'नीट' २०१३ सालीं प्रथम झाली, मध्यें न्यायालयांत अडली, आणि २०१६ पासून देशभर कायम झाली. घोटून केलेला पाठ येथें जीवशास्त्रांत उपयोगी पडतो, रसायनांत अर्धाअधिक पडतो, आणि पदार्थविज्ञानांत दारापाशीं चपलांबरोबर बाहेर ठेवावा लागतो.

नातवाची खोली शिकवण्यांच्या मोहल्ल्यांत होती. 'ट्यूशन एरिया' म्हणून रिक्षावाल्यास सांगितलें कीं पुरे. दुतर्फा पहिल्या आलेल्या मुलांचे माणसाहून मोठे फलक. त्यांखालीं मेस, अभ्यासिका, झेरॉक्स, चहा. आणि सतरा-अठरा वर्षांचीं हजारों मुलें पाठीला पिशव्या लावून मुकाट्यानें चाललेलीं. इतकीं तरुण मुलें एकत्र असून हंशाचा आवाज कसा नाहीं, ह्याचें आम्हांस नवल वाटलें. खोली दहा बाय दहा. तिघे राहत, त्यांतले दोघे गेले होते. भिंतीवर वेळापत्रक, पहांटे ५ पासून रात्रीं ११ पर्यंत. मुलानें वांकून नमस्कार केला. वाळला होता. आम्हीं डबा उघडला. त्यानें धपाटे खाल्ले, तेव्हां थोडें बरें वाटलें.

परीक्षेविषयीं कसें विचारावें हें न कळून आम्हीं म्हटलें, "तें पुस्तक दाखव पाहूं, ज्यानें तुला पाडलें." त्यानें पदार्थविज्ञानाचें जाडें पुस्तक पुढें केलें. समास हिरव्या-गुलाबी शाईनें भरलेले. कष्ट केले नाहींत असें कोणी म्हणूं शकलें नसतें. आम्हीं चाळूं लागलों. शब्द इंग्रजी. दहावीपर्यंत ज्यास संवेग, जडत्व, त्वरण म्हणून शिकला, तींच सोंगें बदलून आलीं होतीं. परीक्षा मराठींतूनही देतां येते, पण वरचे वर्ग, पुस्तकें, शिकवण्या सारें इंग्रजींत. तेव्हां मराठींतून देणारे अगदीं थोडे. वडील उर्दूंत, आम्ही मराठींत, नातू इंग्रजींत: एकाच घरच्या तीन पिढ्यांनीं दगड खालीं पडण्याचें कारण तीन भाषांत शिकावें, आणि एकानें दुसऱ्यास मदत करूं म्हटलें तर शब्दच जुळूं नयेत!

एका पानावर उताराचें चित्र होतें. उतारावर एक ठोकळा, आणि तो घसरेल कीं नाहीं असा प्रश्न. हें चित्र मात्र आम्हीं ओळखलें. "अरे, ही तर मोटेची धाव!" आमच्या मळ्यांतल्या विहिरीवर दादा लहानपणीं मोट हांकीत. बैलांनीं ओढावयाची वाट, म्हणजे धाव, विहिरीपासून दूर उतरती खणलेली असे. बैल उतारानें जातात तेव्हां त्यांचें स्वतःचें वजनही भरलेली मोट वर आणण्यास उपयोगीं पडतें. नातवानें मोट पाहिलेली नव्हती. त्याला गंमत वाटली. आम्हीं विचारलें, "मग बैलाच्या वजनाचा किती हिस्सा उपयोगीं पडत असेल?"

"एम् जी साइन थीटा," तो ताडकन म्हणाला.

"साइन म्हणजे काय?"

"सूत्र आहे, आबा. उताराच्या दिशेनें साइन, त्याच्या काटकोनांत कॉस."

"तें कळलें. पण साइन म्हणजे काय?"

तो थांबला. मग हळूच म्हणाला, "तेंच कळत नाहीं. कोन जमिनीपासून दिला तर माझें गणित बरोबर येतें. उभ्या रेषेपासून दिला कीं चुकतें. मीं दोन्ही पाठ केलीं, पण पेपरांत कोणतें कोणतें तें राहत नाहीं." ४५ पैकीं ९ बरोबर, २५ चूक आणि ११ कोरे, ह्या आंकड्यांचा अर्थ आम्हांस त्या क्षणीं लागला.

ह्या साइन शब्दाची कुळकथा आम्हीं पूर्वीं एका पुस्तकांत वाचली होती. आपल्या ज्योतिषांत आर्यभटापासून तिला ज्या किंवा जीवा म्हणत. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. अरबांनीं जीवा शब्द तसाच उचलला; पुढें त्यांच्या लिपींत तो जैब, म्हणजे कपड्याची खोळ, असा वाचला गेला; आणि लॅटिनमध्यें भाषांतर करणारांनीं खोळीला सायनस म्हटलें. ही कथा आम्हीं मोठ्या ऐटीनें त्यास सांगितली. त्यानें ती शांतपणें ऐकून घेतली आणि विचारलें, "मग आबा, ह्या चित्रांत ती दोरी कोठें आहे?"

आम्ही चित्राकडे पाहत राहिलों. आम्हांला ती दाखवितां आली नाहीं. आम्हांस शब्दाचें सात पिढ्यांचें गोत्र ठाऊक, आणि वस्तु ठाऊक नाहीं. त्यास वस्तूचें सूत्र ठाऊक, आणि दोन्ही ठाऊक नाहींत. बऱ्याच वेळानें तो म्हणाला, "अकरावीच्या पुस्तकाचा दुसरा धडाच गणिताचा आहे. गणित घेतलेलीं मुलें तो हंसत हंसत करीत. मीं सरांना विचारलें तर म्हणाले, तुझा बी गट ना, सूत्रें पाठ कर." थोडें थांबून खालीं पाहत तो पुढें म्हणाला, "आबा, गणित सोड असें तुम्हीच म्हणाला होतां."

तक्रारीचा स्वर नव्हता. असता तर बरें झालें असतें. चाळीसेक वर्षें मुलांच्या चुका लाल शाईनें दाखविणाराला आपली चूक अशी साध्या आवाजांत ऐकावी लागली. "होय, आम्हींच म्हटलें," एवढेंच आम्ही बोललों. त्या रात्रीं झोंप फारशी लागली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आमच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या जांवयांकडे गेलों. ते पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. क्लासबिस चालवीत नाहींत. त्यांनीं मुलास दोन-चार प्रश्न विचारले आणि आम्हांस म्हणाले, "गुरुजी, विषय सोपा आहे असें मी म्हणणार नाहीं. पण हीं मुलें विषयापर्यंत येऊन पोंचतच नाहींत. वर्गांत तो दुसरा धडा दोन दिवसांत उरकतात, आणि पुढचे सगळे धडे त्या दोन दिवसांवर उभे असतात."

आमच्या घरीं सर्वांच्या मनांत असलेला प्रश्न आम्हीं त्यांस केला: डॉक्टराला हें सारें हवेंच कशाला? ते हंसले. दादांच्या हृदयाच्या रक्तवाहिनींत दोन वर्षांपूर्वीं स्टेंट बसविला हें त्यांस माहीत होतें. म्हणाले, "नळीची त्रिज्या निम्मी झाली आणि दाब तोच राहिला, तर पाणी किती कमी येईल?" आम्हीं म्हटलें निम्में. नातू म्हणाला पाव. "सोळावा हिस्सा," ते म्हणाले. "प्वाझय नांवाच्या फ्रेंच वैद्यानें एकोणिसाव्या शतकांत हें प्रयोगानें दाखविलें. रक्त कांहीं अगदीं पाण्यासारखें वाहत नाहीं, पण थोडी अरुंद झालेली वाहिनी माणसाला एवढें कां दमविते तें ह्यांतून कळतें. हें ज्याला कळलें तो डॉक्टर वेगळा, आणि सोळा हा आंकडा ज्यानें पाठ केला तो वेगळा." दादांचा चढावर थांबून छाती धरण्याचा तो काळ आम्हांस आठवला, आणि प्रश्न परत घेतला.

वैद्यकाआधीं पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र पक्कें हवें, हा दंडक अमेरिकेंत रुजविण्यांत ज्याचा मोठा वांटा, तो अब्राहम फ्लेक्स्नर वैद्य नव्हता, शाळामास्तरच होता, हें त्यांच्याकडूनच कळलें. त्यानें अमेरिका व कॅनडा येथलीं १५५ वैद्यकीय विद्यालयें पाहून १९१० सालीं अहवाल लिहिला, आणि त्यानंतर तेथलीं कितीतरी बंद पडलीं. आमच्या वहिनींच्या माहेरचा एक मुलगा तिकडील एका नामांकित विद्यापीठांत डॉक्टर होण्याच्या इराद्यानें शिरला. तेथें वैद्यकाआधीं चार वर्षें हे विषय विद्यापीठांतच करावे लागतात. सेंद्रिय रसायनाच्या पहिल्या सत्रांतच त्यानें मान टाकली आणि आतां तो अर्थशास्त्र शिकतो. तेथें विद्यापीठ न सोडतां विषय बदलतां येतो, त्याच्या घरीं कोणी जमीन विकण्याची भाषा केली नाहीं. आमच्याकडे मुलगा दार ठोठावीत बाहेरच उभा, आणि आंतला विषय आपणास जमेल कीं नाहीं हें कळावयाच्या आधींच त्याचीं दोन-तीन वर्षें जातात.

परततांना रस्त्यांत आम्हीं नातवास सरळच विचारलें, "तुला डॉक्टर व्हायचें आहे का रे?"

तो बराच वेळ चालत राहिला. "माहीत नाहीं, आबा. कदाचित् नसेलही. पण साइन कळलें नाहीं म्हणून झालों नाहीं, असें नको व्हायला."

यावर वाद घालण्यासारखें कांहीं नव्हतें. नव्या वर्षाची फी भरण्यासाठीं दादांनीं दिलेले पैसे आम्हीं कमरेलाच ठेवले. पोळ्यापर्यंत घरीं राहावयाचें, नववी-दहावीचें गणित व तो दुसरा धडा एवढेंच करावयाचें, प्राध्यापकांस आठवड्यांतून एकदां दूरध्वनीवरून विचारावयाचें. लातुरास यावयाचें कीं नाहीं तें मग पाहावयाचें, असें आम्हां दोघांत ठरलें. वेळ फार थोडा आहे असें त्याच्या खोलीच्या मालकांनीं आम्हांस बजावलें. असेल. पण पायाच नसलेल्या घरावर तिसरा मजला चढविण्यासही वेळ लागतोच.

परळीस गाडी बदलतांना बाजारांतून दहावीचें 'गणित भाग २' घेतलें. त्यांत त्रिकोणमितीचें प्रकरण सहावें. सिरसाळा येईपर्यंत दोघांनीं मिळून तीन पानें वाचलीं. एक-दोन ठिकाणीं तो आम्हांस समजावून देत होता, हें शेजारच्या प्रवाशास चमत्कारिक वाटलें असावें.

घरीं पोंचतांच दादांनीं विचारलें, "फी भरली?" आम्हीं पुस्तक पुढें केलें. त्यांच्या कपाळावर आठी पडली. सूनबाई मुलाच्या तोंडाकडे पाहत स्वयंपाकघराच्या दारांतच उभ्या राहिल्या. अर्जावर काट आम्हींच मारली होती, ही गोष्ट त्या रात्रीं पंक्तींत सर्वांसमक्ष पुन्हां सांगितली. कोणी कांहीं बोललें नाहीं. दादांनीं भाताचा घांस हातांत धरून विचारलें, "मोटेचें काय म्हणत होतास रे?" नातवानें सांगितलें. मग दादांनीं धाव कशी खणीत, उतार फार केला तर बैलांस परततांना चढ कसा जड होई आणि फार थोडा केला तर मोट कशी रेंगाळे, तें सांगण्यास आरंभ केला, आणि हात न धुतांच उजवा हात पुढें करून हवेंत उतार दाखविला. मुलगा उठला, कंपासपेटींतलें कोनमापक घेऊन आला आणि आजोबांच्या हाताला लावूं लागला.

धाव कधींच बुजली आहे, पण तिच्या कडेचे दगड अजून दिसतात. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दोघे दोरी व पहार घेऊन विहिरीकडे गेले. आम्ही मागें ओटीवर बसून प्रकरण सहावें उघडलें. त्यांतलें तिसरें उदाहरण आम्हांस अजून सुटलें नव्हतें.